नागेशच्या साडेचार पायऱ्या

तामसी
१२ जानेवारी २०२५

प्रणिता,
जय भीम.

हा तिसरा कागद आहे. पहिल्यावर सवयीनं ‘चि. सौ.’ लिहिलं अन् हात थांबला. खोडलं तर कागद घाण दिसला. दुसऱ्यावर नुसतं ‘चि. प्रणिता’ लिहिलं, तर मलेच वाटलं, कोण्या दुसऱ्याच्या पोरीले लिहून राह्यलो. मंग म्हणलं, मारोती गवंडी, तुले जन्मात एकच ओळ सरळ धरता आली, ती विटांची. कागदाचं सोड अन् सांगायचं ते सांग.

तुझा पत्ता विहारातल्या धम्मपाल गुरुजीनं देला. तू आदिलाबादेत शाळेवर लागली हेही त्यानंच सांगतलं. लय चांगलं झालं. माझा नागेश म्हणतच होता, माझ्यापेक्षा हिचं डोकं चालते. अर्पिता नवव्या वर्षात असंल आता. समोरचे दात आले का तिचे?

फोन केला होता मी दोन डाव. तू उचलला, माझं ‘हॅलो’ ऐकलं अन् ठेवला. बरोबर केलं. म्हणून लिहून राह्यलो. कागद तुले फाडता तरी येईल.

बातमी एकच. सातगुंडाच्या धबधब्याची वाट पुन्हा बांधून राह्यले. उटनूरकडच्या जंगलातली, मी अन् नागेशनं बांधली होती तीच. नागेश त्या वाटेवरून पडून गेला त्याले येत्या ऑगस्टात सहा वर्षं होतील. ‘पहिलं काम ज्यानं केलं तो मेस्त्री पाहिजे’ म्हणून निरोप आला, अन् मी हो म्हणलो. तुझी सासू भागीरथा भडकली. म्हणली, “ज्या जागेनं पोरगं खाल्लं तिथं जाता, लाज नाही वाटत?” मी म्हणलं, वाटते, म्हणूनच जातो. भागीरथाले ते समजलं नाही. समजंल असं मी तिले आजवर काही सांगतलंही नाही.

तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात. उत्तर नाही देलं तरी चालते.

मारोती


सातगुंड
२ फेब्रुवारी

प्रणिता, जय भीम.

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असंल. फाडलं का ठेवलं ते तुले मालूम.

इथं आलो अन् वाट पाहून डोकं धरून बसलो. तू पाह्यली तशी नाही राह्यली ती. सुटीच्या दिवशी आदिलाबाद, निर्मल, नांदेड, यवतमाळ, कुठून कुठून चार-चार हजार माणूस येते. धबधबा तेवढाच अन् वाट तेवढीच. चिखल लागला की लोक बाजूनं जातात. बाजूचं गवत मरते, तिथंही चिखल होते, मंग लोक आणखी बाजूनं. दीड हाताची वाट पार बैलगाडी जाईल एवढी फाकली. सागाच्या मुळ्या उघड्या पडल्या. पावसाचं पाणी दुसरीकडं कुठं जाईल? तेही वाटेनंच धावलं, अन् वाटेचा नाला करून ठेवला. आमी तवा पाण्याचा विचारच केला नव्हता. सरळ उतार, सरळ पायऱ्या, साहेब खुश अन् मारोती गवंडी त्याहून खुश.

आता भाग्यलक्ष्मी मॅडम म्हणून इंजिनेर बाई आहे. तुझ्याच वयाची. आपसात तेलुगू बोलते, माझ्यासंग हिंदी. पहिल्याच दिवशी म्हणली, “मेस्त्री, पहले पानी का रास्ता, फिर आदमी का.” आता वाटेले वळणं देऊन राह्यलो. दर वीस पावलांवर एक दगड तिरपा आडवा गाडतो, म्हणजे पाणी बाजूले निघून जाते. लोकांनी पाडलेल्या आडवाटा बोरीच्या काट्यांनी बंद करतो. साठी उलटल्यावर शिकून राह्यलो. बाई शिव्या देत नाही. चूक दिसली की नुसती उभी राह्यते अन् पाह्यते. त्यापरीस शिव्या बऱ्या.

परवा ती खाली कुंडाजवळ, जिथं धबधब्याचे तुषार उडतात, तिथं दिवसभर दगडावर बसून लोकांचे पाय पाहत होती. संध्याकाळी मले बलावलं. म्हणली, सगळे लोक कठडा धरून जीव मुठीत घेऊन उतरतात, पण या चार पायऱ्यांवर आले की कठडा सोडतात. तिनं त्या पायऱ्यांवर तळहात फिरवला. दगड खरबडा केलेला होता, पाट्याले टाकी लावतात तसा. बारीक, दाट, एकसारखा. पाचवीले अर्धीच टाकी लागली होती.

“ये किसने किया?”

मी म्हणलो, “मालूम नहीं, मॅडम.”

“जिसने भी किया, समझदार आदमी था. सब पत्थर ऐसे ही करो.”

तुले लिहिताना तरी खोटं नको. मले मालूम होतं.

मारोती


सातगुंड
२३ फेब्रुवारी

प्रणिता, जय भीम.

आज तुझ्या चपलेबद्दल लिहितो.

तुले याद असंल. काम संपायच्या आठ दिवस आधी तू आमचा डबा घेऊन आली होती, अर्पिता काखेत. खालच्या पायऱ्यांवर तुझा पाय सरकला. पोरगी तू वर धरली, पण डबा गेला. वरण पार पायरीवरून वाहत खाली. सगळे गडी पाहत होते. तू म्हणली, “मामाजी, इथं पाय सरकते. फरशीची उलटी बाजू वर नाही का बसवता येत?”

फरशीले दोन बाजू असतात. एक चिकनी, एक खरबडी. चाळीस वर्षं घरं बांधली मी, चिकनी बाजू वर. ओट्यावर, पायरीवर, देवडीत, सगळीकडं. खरबडी वर ठेवली तर घरधनी म्हणंल, गवंड्याले काम येत नाही. तेच मी जंगलात केलं. उद्घाटनाले मोठे लोक यायचे होते, फरशी आरशासारखी दिसली पाहिजे, ही माझीच हौस. कोणी सांगतलं नव्हतं तसं. दगड घरात नाही, धबधब्याच्या तोंडाशी बसून राह्यला, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

अन् तुले मी काय म्हणलो? “चालता येईना, वाट वाकडी! चप्पल पाह्य तुझी, घासून घासून पापड झाली.” गडी फिदीफिदी हसले. मीही हसलो. नागेश नाही हसला. तो खाली वाकून वरण पुसत होता.

तुझी चप्पल चांगली होती, प्रणिता. मी तवाच पाह्यली होती. नवीन होती.

मारोती


सातगुंड
३० मार्च

प्रणिता, जय भीम.

महिनाभर पायऱ्यांले टाकी लावून राह्यलो. रोज तीन-चार होतात. एका हातात छिन्नी, एका हातात हातोडा, अन् समोर नमुना म्हणून त्या चार पायऱ्या. मॅडम रोज येऊन माझी पायरी अन् ती पायरी हातानं चाचपते. “उसके जैसा नहीं हुआ, मेस्त्री.” मी पुन्हा ठोकतो.

होत नाही त्याच्यासारखं. होणारच नाही. माझी टाकी डावीकडं कलते, त्याची उजवीकडं. नागेश डावखुरा होता. लहानपणी मी त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारली होती थापी उजव्या हातात धर म्हणून. तो माझ्यासमोर उजव्यानं करायचा अन् मी पाठ फिरवली की डाव्यानं. त्या चारी पायऱ्या डाव्या हातानं केलेल्या आहेत.

त्या दिवशी, १८ ऑगस्टले, रविवार होता. तुमी तिघं गाडीवर निघाले तवा तो भागीरथाले म्हणला, फिरायले जातो. मी ओसरीत बसलो होतो. माझ्यासमोर दुसरं काय म्हणणार होता? बाबा, तुमची चूक सुधरायले जातो असं म्हणला असता, तर मी त्याले जागेवरून हलू देलं नसतं. तू नंतर सगळ्यांले ओरडून ओरडून सांगतलं, “आमी फोटो काढायले नाही गेलो. ते टाकी लावायले गेले होते. गर्दी यायच्या आधी दोन तासात करून येतो म्हणले.” चार झाल्या, पाचवी अर्धी झाली, तेवढ्यात लोक आले, तो त्यांले जागा द्यायले उठला, अन् एक पाऊल खालच्या चिकन्या पायरीवर पडलं. मी शब्द न् शब्द ऐकला तुझा.

तू खरं बोलत होती.

याच्यापुढंही एक आहे. ते आज लिहिता येत नाही. हात दुखतो असं समज.

मारोती


तामसी
१३ एप्रिल

प्रणिता,

हात दुखत नव्हता.

उद्या जयंती. गल्लीत निळ्या पताका लावून राह्यले. धम्मपाल गुरुजी म्हणला, मारोतीभाऊ, मिरवणुकीत पुढं चाला, तुमी जुने माणूस. मी म्हणलं, पाय दुखतात. माझं काही ना काही दुखतच असते आजकाल.

घे, लिहितो.

तिथं मी पोचलो तवा पोलीस आले नव्हते. नागेशले खालून वर आणून राह्यले होते. तू झाडाखाली अर्पिताचे डोळे झाकून बसली होती. पाचव्या पायरीवर त्याची छिन्नी अन् हातोडा पडला होता, बाजूले दगडाची भुकटी. मी भुकटी पायानं सारली, पाणी उडत होतं, वाहून गेली. औजार उचललं, डोक्याच्या रुमालात बांधलं अन् झोळीत टाकलं. पोराचं तोंड अजून पाह्यलं नव्हतं, अन् हे केलं. आधी हे केलं.

मंग पंचनामा झाला. तू सांगतलं, टाकी लावायले गेले होते. जमादारानं विचारलं, औजार कुठाय? सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी म्हणलो, “माझं औजार घरी आहे. रविवारी कोण काम करते?”

बस. एवढंच बोललो. पुढचं काम लोकांनी केलं. बायकोच्या हौसेपायी गेला, फोटोपायी गेला, वर हे खोटं रचून राह्यली, बापाच्या कामाले नाव ठेवून राह्यली. भागीरथा तुले काय काय बोलली ते मी लिहीत नाही, तुले पाठ असंल. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी उठून जात नाहीत तोच तिनं तुझी पेटी अंगणात ठेवली. मी ओसरीत बसलो होतो, मूग गिळून. तू जाताना एकदा माझ्याकडं पाह्यलं.

आधी मी सोताले सांगत होतो की केस होईल, कामावरचे गडी अडकतील, म्हणून लपवलं. खोटं आहे तेही. मारोती गवंड्याच्या फरशीनं मारोती गवंड्याचा पोरगा खाल्ला, असं पाच गावात म्हणले असते. मले ते ऐकायचं नव्हतं. त्याच्यापायी तुले उभ्या गावात खोटी पाडली. मले लाजेनं मारलं, अन् मी तुले मारलं.

औजार कुठं ठेवलं ते विचारशील. गवंडी कुठं ठेवंल? समोरच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीले कोनाडा होता ना, तू दिवा ठेवायची तो? त्यात ठेवलं अन् वरून वीट-सिमेंट करून टाकलं. भागीरथानं विचारलं, कोनाडा काऊन बुजवला? म्हणलं, उंदरं येतात. गिलावा ओबडधोबड झाला होता, तो झाकायले तिनं तिथंच नागेशचा फोटो लावला. साडेपाच वर्षं ती त्या भिंतीसमोर बसून रडते अन् तुले शिव्या घालते. मी बाजूले बसून चहा पितो.

दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. मुसावादा, खोटं न बोलायचं शील, आलं की माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही. कोणाच्या ध्यानात आलं नाही आजवर.

मारोती


तामसी
१३ मे

प्रणिता, जय भीम.

भिंत फोडली.

परवा सकाळी भागीरथा भाजी निवडत होती. मी नागेशचा फोटो उतरवला अन् छिन्नी लावली. ती धावत आली, “येड लागलं का तुमाले?” चार घावात कोनाडा उघडा झाला. रुमाल तसाच होता, जरा मळकट. मी तिच्यासमोर सोडला. छिन्नीच्या दांडीले नागेशनं लाल चिंधी गुंडाळली होती, हाताले घट्टे पडत म्हणून. तिनं ती चिंधी ओळखली. तिच्याच लुगड्याची होती.

सगळं सांगतलं तिले. मले वाटलं, रडंल, मारंल. ती खाली बसली अन् छिन्नी मांडीवर घेतली. मंग म्हणली, “सहा वर्षं माझ्या तोंडानं तुमी तिले शिव्या देवविल्या.”

मी म्हणलं, हो.

“माझ्या नातीले मी दाराबाहेर काढलं. माझ्या हातानं.”

हो म्हणलं.

“तुमाले रोज भाकर वाढली मी.”

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. काल बुद्धपौर्णिमा होती. ती पांढरं लुगडं नेसून दारात उभी राह्यली, औजाराचा रुमाल हातात. मी म्हणलं, हे कायले? म्हणली, “घरात काय सांगता? जिथं तिले खोटी पाडली तिथं सांगा.”

विहार भरला होता. वंदना झाली, पंचशील झालं. मी उभा राह्यलो. धम्मपाल गुरुजीले वाटलं, दानाची घोषणा करतो. बायामाणसं, पोरंटोरं, सगळे होते. तुले फोटोवाली म्हणणाऱ्या वच्छलाबाई समोरच बसल्या होत्या. मी सांगतलं. फरशी चिकनी मी बसवली, सूनबाईनं सावध केलं तवा तिले हसलो, नागेश माझी चूक सुधरायले गेला अन् मेला, औजार मी लपवलं, सूनबाई खरं बोलत होती, मी खोटं बोललो. एवढं बोलायले किती वेळ लागते? तेवढाच लागला. याच्यापायी सहा वर्षं घालवली.

उत्तमराव, माझा चाळीस वर्षांचा सोबती, मान खाली घालून चपला शोधायले लागला. वच्छलाबाई तोंडाले पदर लावून रडल्या. त्या रडल्या याचा मले राग आला, खरं सांगतो. तवा कुठं गेलं होतं तुमचं रडणं? पण तो राग करायचा हक्क माझा नाही.

भागीरथानं सांगतलं ते जसंच्या तसं लिहितो: “तिले म्हणा, मी माफी मागायच्या लायकीची नाही. मेल्यावर मातीले आली तरी पुष्कळ.”

माफ कर असं मीही लिहीत नाही. सांगायचं होतं, सांगतलं. आता गावात तुले कोणी खोटी म्हणणार नाही. म्हणलं तर मी जित्ता आहे.

मारोती


सातगुंड
२९ जून

प्रणिता, जय भीम.

तुझा काहीच निरोप नाही. मागतही नाही. एक काम पडलं म्हणून लिहितो, ते तुलेच विचारायचं आहे.

वाट पुरी होत आली. दोनशे चौदा पायऱ्यांले टाकी लागली. चार त्यानं केलेल्या, तशाच ठेवल्या. मॅडमले आता सगळं मालूम आहे. मीच सांगतलं. ती त्या दिवशी पायरीवर बसली. मंग फक्त म्हणली, “आपकी बहू ने बोला था पहले?” मी म्हणलं, जी. तिनं माझ्याकडं पाह्यलं, तसंच, शिव्या न देता.

राह्यली ती पाचवी. अर्धी टाकलेली, अर्धी चिकनी. ती पायरी मले हात लावू देत नाही. दोनदा छिन्नी टेकवली अन् उचलली. त्याचा शेवटचा घाव कुठं आहे ते दिसते दगडावर. त्याच्यापुढून मी सुरू केलं की त्याचं काम संपलं. मॅडम म्हणते, गर्दी वाढायच्या आत करा, अर्धी पायरी धोक्याची. तेही खरं.

ठेवू का करू? तू म्हणशील तसं.

मारोती


तामसी
२१ जुलै

प्रणिता,

हे पत्र तुझ्या हाती पडंल तवर कालचा दिवस तुझ्याकडं जुना झाला असंल. माझ्याकडं तो आणखी तिथंच आहे, म्हणून लिहून काढतो.

तुझा निरोप गुरुजीनं सांगतला, “रविवारी येते. घरी नाही. वाटेवर.” भागीरथा पहाटेच उठली. ज्वारीच्या भाकरी अन् अंबाडीची भाजी केली. डबा माझ्या हातात देला. धड बोलत नाही अजून, पण डब्यावर फडकं तिनं दोन गाठींचं बांधलं, सांडू नये म्हणून.

मी पाचव्या पायरीजवळ बसलो होतो. तू वरून येताना दिसली. अर्पिता पुढं. केवढी झाली! चाल थेट नागेशची, पाय जरा बाहेर टाकत. तिनं मले ओळखलं नाही. मी उभा राह्यलो अन् डबाच पुढं केला. मूर्ख.

तू डबा घेतला नाही. पायऱ्यांकडं गेली. मी दाखवल्या नव्हत्या, तरी एवढ्या पायऱ्यांतल्या त्या चार तू बरोबर ओळखल्या. बसली अन् तळहात ठेवला. एकीवर, मंग दुसरीवर. लोक वरून-खालून येत होते, तू बाजूले झाली नाही, तेच तुले वळसा घालून गेले. अर्पितानं विचारलं, “आई, ह्या रेघा उलट्या काऊन आहेत?”

तू म्हणली, “तुझे बाबा डावखुरे होते. हे त्यांनी केलं.”

“बाकीच्या?”

तू माझ्याकडं बोट केलं. आजोबा म्हणली नाही. नुसतं बोट केलं.

मंग पोरीनं विचारलं ते मले जन्मभर पुरंल. माझ्याकडं पाहून म्हणली, “तुमी पहिलेच अशा काऊन नाही केल्या?”

तू पाण्याकडं पाहत होती. मी म्हणलं, “चुकलो, माय. तुझ्या आईनं सांगतलं होतं. मी ऐकलं नाही.” ती हो म्हणली अन् डबा उघडून भाकर खाऊ लागली. अंबाडीची भाजी तिले आवडली, भागीरथाले सांगतलं मी. ती चुलीकडं तोंड करून बसली. तू पाणी पिली, जेवली नाही.

मी रुमाल सोडून नागेशची छिन्नी तुझ्यापुढं ठेवली. तू चिंधी अंगठ्यानं चाचपली. तवा तू मले पहिल्यांदा बोलली. “मामाजी,” म्हणली. सहा वर्षांनी तो शब्द ऐकला अन् मले वाटलं, आता पायावर पडतो. तू हात आडवा केला.

“मले खोटी म्हणले याचं नाही मले एवढं. शेवटी शेवटी मलेच वाटू लागलं होतं, खरंच टाकी लावायले गेले होते का? का मीच फिरायले चाला म्हणली होती? माझ्या डोक्यातला तो दिवसच तुमी पुसला. राग आहे मले. लय आहे. तो घेऊन आली, तो घेऊनच जाते.”

मी म्हणलं, ने.

“पाचवी पुरी करा. कोणाचाच पाय सरकायले नको. याच छिन्नीनं करा. मी बसते.”

तू बसली. मी छिन्नी डाव्या हातात धरली, मंग बदलली. डाव्या हातात हातोडा घेतला. पट्टी मारून त्याचा जो हात मी बंद पाडत होतो तो हात. पहिले आठ-दहा घाव वाकडे गेले, एक अंगठ्यावर बसला. तू उठली नाही. घंटा-दीड घंटा लागला. चांगली नाही झाली. त्याची अर्धी अन् माझी अर्धी आंधळ्यालेही कळंल. पण दोन्ही बाजूंनी कलते एकीकडंच.

झाल्यावर तू छिन्नी मागितली. मी दिली. हातोडा म्हणली, तुमाले राहू द्या. पिशवीत चिंधीसकट छिन्नी ठेवली, अर्पिताले म्हणली, चल, कुंड पाहू. पोरगी माझ्याकडं पाहून म्हणली, “येते.” तुझ्याकडूनच शिकली असंल ती, जाताना येते म्हणायचं.

मी वर उभा राहून पाहत होतो. पायऱ्या ओल्या होत्या, तुषार उडत होते, गर्दी होती. पाचवी, सहावी, सातवी. उतरताना तू एकदाही पायाखाली पाह्यलं नाही. कठड्याले हात लावला नाही. मागं वळूनही पाह्यलं नाही.

मारोती